न्यू जर्सीची गव्हर्नर निवडणूक: मार्चमधल्या सह्यांपासून जानेवारीतल्या शपथविधीपर्यंत

न्यू जर्सीत गव्हर्नर कोण होणार याचा निम्म्याहून अधिक निकाल जूनच्या सुरुवातीलाच लागलेला असतो. आपली बरीच मंडळी मात्र दिवाळीच्या आसपास, अंगणांत पाट्या दिसू लागल्या की जागी होतात. तोवर मतदार यादीतला आपला पक्ष बदलण्याची मुदत गेलेली असते, प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक) झालेली असते, सहा इच्छुकांतून एक नाव उरलेलं असतं आणि मतदार नोंदणीही बंद झालेली असते. २०२५ ची निवडणूक आम्ही मिडलसेक्स कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) जवळून पाहिली. आमच्यातले काही जण सह्या गोळा करत होते, काही दारोदार फिरत होते, काही मतदान केंद्र सांभाळणाऱ्या मंडळाचे सदस्य म्हणून बसले होते. पक्ष सगळ्यांचा एक नव्हता. पुढे लिहिलंय ते या कामाबद्दल: कोणत्या टप्प्यावर काय होतं, आणि कुठे मत वाया जातं.

आधी पदाविषयी थोडं. इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याचं काम, थेट लोकांनी निवडलेल्या माणसाच्या हाती. न्यू जर्सीत तर हे पद फारच बलवान आहे. इतर अनेक राज्यांत ॲटर्नी जनरल, खजिनदार वगैरे स्वतंत्रपणे निवडून येतात, इथे ते सगळे गव्हर्नर नेमतो. राज्य सरकारात संपूर्ण राज्यातून निवडून येणारी पदं दोनच, गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर (उप-गव्हर्नर), आणि तीही जोडीनेच निवडली जातात. न्यायाधीश आणि कौंटीचे सरकारी वकील यांची नावं गव्हर्नर सुचवतो, राज्याची सिनेट (विधिमंडळाचं वरचं सभागृह) मान्यता देते. अर्थसंकल्पातली एखादीच ओळ खोडण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. मुदत चार वर्षांची, सलग दोनच वेळा. तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांच्या दोन मुदती संपत आल्या होत्या, म्हणून २०२५ ला मैदान मोकळं होतं. अध्यक्षीय निवडणुकीच्या पुढच्याच वर्षी गव्हर्नर निवडणारी राज्यं दोनच, न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया. त्यामुळे अख्ख्या देशाचं लक्ष इकडे असतं आणि बाहेरून पैसाही भरपूर येतो.

खरी सुरुवात कौंटीच्या पक्षसंघटनेपासून होते. राज्यात २१ कौंट्या आहेत आणि प्रत्येकीत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांची कौंटी कमिटी असते. छोट्या छोट्या मतदान विभागांतून निवडून आलेले कार्यकर्ते तिचे सदस्य असतात. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत या कमिट्या अधिवेशन भरवून किंवा अध्यक्षाच्या शब्दावर कुणाला पाठिंबा द्यायचा ते ठरवतात. २०२४ पर्यंत या पाठिंब्याचं वजन जबरदस्त होतं, कारण त्यावरून मतपत्रिकेची मांडणीच बदलायची.

जुनी प्रायमरीची मतपत्रिका डोळ्यांसमोर आणा. एक मोठा तक्ता, उभे रकाने. पहिल्या किंवा दुसऱ्या रकान्यात वरून खाली सलग नावं: सिनेटर किंवा गव्हर्नर, खाली विधिमंडळाचे उमेदवार, त्याखाली कौंटी कमिशनर, मग गावातली पदं. ही पक्षाने पाठिंबा दिलेली मंडळी. तिला सगळे ‘लाइन’ म्हणत. पाठिंबा न मिळालेला उमेदवार कुठे? चार-पाच रकाने सोडून उजवीकडच्या कोपऱ्यात, एकटा, वरखाली रिकामे चौकोन. कार्यकर्त्यांच्या बोलीत त्या जागेचं नाव ‘बॅलट सायबेरिया’. मतदार डावीकडच्या भरलेल्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवायचा आणि मोकळा व्हायचा. २१ पैकी १९ कौंट्यांत हीच पद्धत होती. सेलम आणि ससेक्स तेवढ्या वेगळ्या.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या जागेसाठी उभे असलेले अँडी किम यांनी या मांडणीला संघराज्य न्यायालयात आव्हान दिलं आणि २९ मार्च २०२४ रोजी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी ती थांबवली. त्या वर्षी हा आदेश डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरताच लागू झाला, रिपब्लिकन मतपत्रिका जुन्याच राहिल्या. पुढे विधिमंडळाने कायदा बदलला आणि २०२५ ची गव्हर्नर प्रायमरी दोन्ही पक्षांत नव्या मतपत्रिकेवर झाली. आता प्रत्येक पदाचा एक चौकट-गट असतो, त्या पदाचे सगळे उमेदवार एकाच चौकटीत, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरलेला. कौंटीचा पाठिंबा मात्र कागदावरून पूर्ण गेलेला नाही. नावाशेजारी जास्तीत जास्त सहा शब्दांचं घोषवाक्य छापता येतं आणि पाठिंबा मिळालेले उमेदवार तिथे पक्षसंघटनेचं नाव टाकतात. मतदाराला मांडणी समजावताना आम्ही हे मुद्दाम दाखवायचो: चौकटीतलं प्रत्येक नाव सारख्याच मापाचं आहे, सगळी वाचा.

हा बदल झाला म्हणूनच डेमोक्रॅटिक बाजूला सहा तगडे उमेदवार शेवटपर्यंत टिकले. काँग्रेसचे (अमेरिकी संसदेचे) सदस्य मिकी शेरिल आणि जॉश गॉटहायमर, न्यूअर्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्ह फुलप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. जुन्या पद्धतीत यातले निदान तिघे मार्चमध्येच घरी बसले असते, असं आमचं मत. रिपब्लिकन बाजूला जॅक चिटरेली, रेडिओवरचे बिल स्पेडिया, राज्य सिनेटर जॉन ब्रॅमनिक आणि आणखी दोघे.

उमेदवारी अर्जासाठी सह्या लागतात. गव्हर्नरपदासाठी पूर्वी १,००० सह्या पुरायच्या, २०२५ पासून २,५०० लागतात. शेवटची तारीख २४ मार्च होती. आकडा मोठा वाटत नाही, पण न्यू जर्सीतला फेब्रुवारी आणि मार्च म्हणजे बोटं गारठवणारा वारा. लोक गाडीतून उतरून थेट दुकानात शिरतात, थांबत नाहीत. एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी-रविवारी किराणा दुकानांबाहेर उभं राहिलं तर माणसं भेटतात, पण त्यातले अर्धे दुसऱ्या गावाहून खरेदीला आलेले, आणि बरेच जण नागरिकच नसलेले. म्हणून सही मागण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: अमेरिकन नागरिक आहात का, मतदार म्हणून नोंदणी कुठल्या पत्त्यावर आहे, आणि पक्ष कोणता. ‘पक्ष बिक्ष काही नाही हो’ असं म्हणणारे काका यादीत पाहिले तर दहा वर्षांपूर्वी कुठल्या तरी प्रायमरीत मत देऊन रीतसर पक्षाचे सदस्य झालेले निघतात. यादी फोनवर तपासून मगच कागद पुढे करावा.

सह्या बाद होण्याची कारणं ठरलेली. घर बदललं पण नोंदणी जुन्याच पत्त्यावर. दुसऱ्या पक्षात नोंद. एकाच पदासाठी दोन उमेदवारांच्या अर्जांवर सही. आणि आपल्या लोकांत सर्रास घडणारी गोष्ट: नवरा स्वतःची सही करतो आणि खालच्याच ओळीत बायकोचीही उरकतो. एका हाताने केलेल्या दोन सह्या विरोधकांच्या वकिलाला पहिल्या नजरेत दिसतात. तशी सही घ्यायचीच नाही, बायको घरी असेल तर संध्याकाळी घरी जायचं. सह्यांचा कागद फिरवणाऱ्यालाही शपथेवर सही द्यावी लागते. त्यात गडबड असली तर एक सही नाही, अख्खं पानच अडचणीत येतं. अर्जाची मुदत संपल्यावर हरकतीसाठी चार दिवस असतात, म्हणून शहाणे उमेदवार २,५०० च्या दीडपट-दुप्पट सह्या भरतात.

आता पैसा. न्यू जर्सीत गव्हर्नरच्या उमेदवाराला सरकारी निधी मिळतो. सार्वत्रिक (नोव्हेंबरच्या) निवडणुकीत असा निधी देणारं हे पहिलं राज्य, १९७७ पासून. २०२५ चे आकडे असे होते: एका माणसाकडून एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ५,८०० डॉलर घेता येतात. उमेदवाराने ५,८०,००० डॉलर वर्गणी जमवली की तो निधीला पात्र ठरतो, आणि मग (सुरुवातीचा काही भाग वगळून) जमवलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरकार दोन डॉलर देतं. प्रायमरीत हा निधी जास्तीत जास्त ५५ लाख डॉलर आणि खर्चाची मर्यादा ८७ लाख. सार्वत्रिकला निधी १ कोटी २५ लाखांपर्यंत आणि खर्च १ कोटी ८५ लाखांपर्यंत. निधी घेतला की वादसभेत उभं राहणं बंधनकारक होतं, प्रायमरीत दोन आणि सार्वत्रिकला दोन. हिशेब निवडणूक खर्च आयोगाकडे मतदानाच्या २९ दिवस आधी, ११ दिवस आधी आणि २० दिवसांनंतर द्यावा लागतो आणि तो कुणालाही पाहता येतो. कुणाच्या मागे कोण आहे हे गल्लीतल्या गप्पांपेक्षा तिथे चांगलं कळतं.

या व्यवस्थेला एक मोठं भगदाड आहे. उमेदवाराशी संगनमत न करता बाहेरच्या गटाने स्वतंत्रपणे कितीही खर्च केला तरी चालतो. स्पिलर यांच्यासाठी शिक्षक संघटनेशी जोडलेल्या गटाने कोट्यवधी डॉलर ओतले, टपालपेटी महिनाभर त्यांच्या पत्रकांनी भरलेली असायची. पण स्वतःच्या नावावर ५,८०,००० डॉलर न जमल्यामुळे ते निधीशी जोडलेल्या अधिकृत वादसभांच्या मंचावर नव्हते, आणि निकालात पाचवे आले. दारात उभं राहून विचारलं तर लोक म्हणायचे, नाव ऐकलंय, पण हा माणूस करणार काय ते कळलं नाही.

वर्गणीबाबत आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला एक डॉलरही देता येत नाही, आणि हा नियम संघराज्याचा असल्याने राज्याच्या आणि गावाच्या निवडणुकीलाही लागू आहे. ग्रीनकार्डधारकाला वर्गणी देता येते, मत देता येत नाही. विनामोबदला प्रचाराचं काम मात्र दोघांनाही करता येतं. कुणी म्हणालं, ‘तुझ्या नावाने चेक दे, पैसे मी देतो’, तर सरळ नाही म्हणा. तो गुन्हा आहे, दोघांचाही.

याहूनही गंभीर बाब नोंदणीची. वाहन परवान्याच्या कार्यालयात परवाना घेताना मतदार नोंदणीचा प्रश्न समोर येतो. ग्रीनकार्डवर असलेला माणूस घाईत हो म्हणून पुढे गेला तर नाव यादीत जाऊ शकतं, आणि पुढे नागरिकत्वाच्या मुलाखतीत हेच प्रकरण उभं राहतं. मत दिलं असेल तर परिणाम देश सोडावा लागण्यापर्यंत जाऊ शकतात. आईवडील ग्रीनकार्डवर आलेत अशा घरांत आम्ही हे आवर्जून सांगतो: त्या पडद्यावर वाचल्याशिवाय बोट लावू नका, आणि चुकून नाव गेलंच असेल तर गप्प न बसता इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा.

प्रायमरीची तारीख होती १० जून. तिथपर्यंत दोन दारं बंद होतात. एका पक्षात नोंद असलेल्याला पक्ष बदलायचा तर मतदानाच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत. नव्या मतदाराची नोंदणी २१ दिवस आधी, २० मेपर्यंत. कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्यांना मात्र एक मोठी सवलत आहे. ते मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन जागच्या जागी पक्ष जाहीर करून मत देऊ शकतात. त्यानंतर ते त्या पक्षाचे नोंदणीकृत सदस्य होतात, नको असेल तर पुन्हा अर्ज भरून बाहेर पडायचं. आपल्या मतदारांत पक्ष न लिहिलेले फार. त्यांना वाटतं प्रायमरी आपली नव्हेच, आणि ते घरी बसतात. आम्ही दारोदार जे काही बोललो त्यात सगळ्यात उपयोगी वाक्य हेच ठरलं: तुम्हालाही जूनमध्ये मत देता येतं.

या मतांची किंमत किती ते आकड्यांत दिसतं. इथे दुसरी फेरी नसते, ज्याला सर्वाधिक मतं तो जिंकला. शेरिल यांना सुमारे ३४ टक्के मतं मिळाली आणि उमेदवारी मिळाली. बराका सुमारे २१ टक्क्यांवर, फुलप १६ च्या आसपास. म्हणजे आपल्याच पक्षातल्या दोन-तृतीयांश मतदारांनी दुसरं नाव निवडलेलं असूनही प्रश्न मिटला. चिटरेली यांचं चित्र वेगळं होतं. डोनाल्ड ट्रम्प यांनी मे महिन्यात त्यांना पाठिंबा दिला आणि ते सुमारे ६८ टक्क्यांनी जिंकले. राज्यात दोन्ही बाजूंची मिळून प्रायमरीतली मतं नोव्हेंबरातल्या मतांच्या निम्म्याहूनही कमी होती. जूनमधलं एक मत म्हणूनच इतकं जड.

जून ते सप्टेंबर हा काळ वरवर शांत असतो. प्रायमरीचा निकाल प्रमाणित झाल्यावर ३० दिवसांत लेफ्टनंट गव्हर्नरचा जोडीदार निवडायचा असतो. शेरिल यांनी सेंटेनरी विद्यापीठाचे अध्यक्ष डेल कॉल्डवेल यांना घेतलं, चिटरेली यांनी मॉरिस कौंटीचे शेरीफ जेम्स गॅनन यांना. हे पद इथे नवीनच आहे. २००५ मध्ये राज्यघटना दुरुस्त झाली आणि २००९ मध्ये पहिली निवड झाली. त्याआधी गव्हर्नरने मध्येच पद सोडलं की सिनेटचे अध्यक्ष दोन्ही खुर्च्या सांभाळत.

दारावर लोक काय बोलत होते? विजेचं बिल. १ जून २०२५ पासून दर कंपनीनुसार १७ ते २० टक्के वाढले, आणि जुलैच्या उकाड्यात एसी चालवल्यावर आलेलं बिल लोक स्वयंपाकघरातून आणून दाखवत. खालोखाल मालमत्ता कर. सरासरी घराचा वर्षाचा कर १० हजार डॉलरच्या वर गेलेला. शेरिल म्हणत होत्या, पहिल्याच दिवशी आणीबाणी जाहीर करून विजेचे दर गोठवेन. चिटरेली यांचा भर कर कमी करण्यावर आणि हवामानविषयक प्रादेशिक करारातून राज्याला बाहेर काढण्यावर होता. दर ठरतात ते १३ राज्यांच्या सामाईक जाळ्यातल्या लिलावांतून, तेव्हा एकट्या गव्हर्नरच्या हाती किती आहे हा प्रश्न रास्त होता आणि तो विचारणारे मतदारही पुष्कळ भेटले.

दारोदार फिरण्याच्या कामात यादी फोनवर असते: घर क्रमांक, नाव, वय, पक्ष, मागच्या कोणत्या निवडणुकांत मत दिलं. मत कुणाला दिलं ते नसतं, ते कुणालाच कळत नाही, आणि घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे पहिल्यांदा सांगावं लागतं. दोघांनी मिळून दोन-अडीच तासांत चाळीसेक दारं होतात, त्यातली तिसरा हिस्सा उघडली तरी दिवस चांगला गेला म्हणायचं. वेळ महत्त्वाची. रविवारी सकाळी दहाला आपल्या घरांत कुणी नसतं, मुलांचे क्लास असतात. चारनंतर जावं. पत्रक दाराला अडकवायचं, टपालपेटीत कधीच टाकायचं नाही, तिकीट न लावलेला कागद त्या पेटीत टाकायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. देशपांडे, पाटील, कुलकर्णी अशी आडनावं दिसली की मराठी बोलणाऱ्याला तिकडे पाठवायचं. ‘नमस्कार, मत द्यायला येणार ना?’ एवढं मराठीत विचारलं की बंद होणारं दार अर्धवट उघडं राहतं.

सार्वत्रिकला नोंदणीची मुदत होती १४ ऑक्टोबर, मतदान ४ नोव्हेंबरला. इथे घर बदलणाऱ्यांची फसगत होते. कौंटीतल्या कौंटीत घर बदललं आणि कळवायचं राहिलं, तर नव्या पत्त्याच्या केंद्रावर प्रोव्हिजनल (तात्पुरती, तपासून नंतर मोजायची) मतपत्रिका मिळते, मत वाचतं. कौंटी बदलली तर २१ दिवस आधी नवी नोंदणी हवीच. प्लेन्सबोरो आणि वेस्ट विंडसर यांची शाळा एक, दुकानं तीच, मित्रमंडळी तीच. पण प्लेन्सबोरो मिडलसेक्स कौंटीत आहे आणि वेस्ट विंडसर मर्सरमध्ये. भाड्याच्या घरातून दोन मैलांवर स्वतःच्या घरात गेलेल्या माणसाला आपण कौंटी ओलांडली याची कल्पनाच नसते.

मत देण्याचे मार्ग तीन. टपालाने, लवकर मतदान केंद्रावर, किंवा ४ नोव्हेंबरला आपल्या ठरलेल्या केंद्रावर. लवकर मतदान २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर असं नऊ दिवस होतं आणि त्यात कौंटीतलं कोणतंही लवकर-मतदान केंद्र चालतं. मतदानाच्या दिवशी मात्र फक्त आपलंच. ऑफिसच्या वाटेवरच्या केंद्रावर मत देता येईल असं समजून त्या दिवशी तिथे जाणारे दरवेळी असतात. आम्ही कामावर जाणाऱ्यांना लवकर मतदानाचाच शनिवार सुचवतो. रांग छोटी, यंत्र तेच.

टपाली मतपत्रिका नीट भरणं हे वेगळंच कौशल्य आहे. पाकिटात येतात मतपत्रिका, आतलं पाकीट आणि बाहेरचं पाकीट. आतल्या पाकिटाला एक प्रमाणपत्राची पट्टी जोडलेली असते. तिच्यावर नाव, पत्ता आणि सही. ही पट्टी फाडायची नाही. कूपन समजून लोक ती फाडतात आणि मत बाद होतं. मतपत्रिका भरा, घडी घाला, आतल्या पाकिटात घाला, ते बंद करा, पट्टीवर सही करा, मग ते बाहेरच्या पाकिटात. टपालखर्च आधीच भरलेला असतो. एका घरात चार मतदार असले तर चारही संच टेबलावर एकदम उघडू नका. आईची मतपत्रिका मुलाच्या पाकिटात जाते आणि दोघांचीही मतं अडकतात. एकाने भरून बंद करायचं, मग दुसऱ्याने उघडायचं.

सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून पाहतात. वीस वर्षांपूर्वी पूर्ण नाव लिहिणारा माणूस आता एक फराटा मारत असेल तर जुळत नाही. अशा वेळी कौंटीचं निवडणूक मंडळ पत्र पाठवतं. त्यावर सही करून मुदतीत परत केलं की मत मोजलं जातं. ते पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकू नका. टपालाने पाठवायचं तर ४ नोव्हेंबरचा शिक्का हवा आणि पाकीट सहा दिवसांच्या आत पोचायला हवं. शेवटच्या दोन दिवसांत पोस्टावर विसंबण्यापेक्षा कौंटीच्या सुरक्षित पेटीत रात्री आठपर्यंत टाकणं बरं. शेजारच्या आजींचं पाकीट तुम्ही नेऊन टाकणार असाल तर बाहेरच्या पाकिटावर आणणाऱ्याच्या जागेत तुमचं नाव आणि सही हवी, आणि असं बाहेरच्या तीनपेक्षा जास्त माणसांसाठी करता येत नाही.

मतदान केंद्रावर जो घोळ सगळ्यात जास्त होतो तोही टपाली मताशीच जोडलेला आहे. एकदा टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज केला की पुढच्या निवडणुकांनाही ती आपोआप घरी येत राहते. करोनाच्या काळात अर्ज केलेले अनेक जण ती बाजूला ठेवतात आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर येतात. मतदार यादीच्या टॅबवर नाव येतं आणि शेजारी खूण: टपाली मतपत्रिका पाठवली आहे. यंत्रावर मत देता येत नाही. प्रोव्हिजनल मतपत्रिका कागदावर भरायची, पाकिटावर माहिती लिहायची. टपालाने दुसरं मत आलेलं नाही ना हे तपासून ती नंतर मोजतात. लोक चिडतात, ‘माझं मत फेकून देणार’ म्हणून निघून जातात. जाऊ नका. ते पाकीट मोजलं जातं. पुढच्या वेळी टपाली नको असेल तर कौंटी क्लार्ककडे लेखी कळवा.

मंडळाच्या सदस्यांचा दिवस पहाटे सव्वापाचला सुरू होतो. मानधन ३०० डॉलर, आणि दोन्ही पक्षांची माणसं समसमान असावी लागतात. सहाला दार उघडण्याआधी यंत्रावरच्या सीलचे क्रमांक कागदाशी जुळवायचे, मग शून्याची पट्टी छापायची. प्रत्येक उमेदवारापुढे शून्य दिसतं, सगळे सही करतात. रात्री आठला दार बंद, पण आठ वाजता रांगेत असलेला शेवटचा माणूस मत देऊनच जातो. मग निकालाची पट्टी छापायची, आणि टॅबवरच्या सह्यांची संख्या यंत्रावरच्या आकड्याशी जुळवायची. एकाचा जरी फरक आला तरी कारण शोधून लिहावं लागतं. बहुतेक वेळा रांगेत सही करून मुलाचा फोन आला म्हणून निघून गेलेली एखादी व्यक्ती असते. वाचता न येणाऱ्या किंवा अपंग मतदाराला आपल्या पसंतीचा मदतनीस आत नेता येतो, फक्त तो त्याचा मालक किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी नसावा. सुनेला आत येऊ देत नाहीत असं वाटून सासूबाई दारातून परत गेल्या, असं होता कामा नये.

४ नोव्हेंबरच्या सकाळी सात कौंट्यांत मतदान केंद्रं उडवून देण्याच्या धमक्यांचे ईमेल आले. मिडलसेक्स त्यांत होती. पोलिसांनी तपासणी केली, काही ठिकाणी मतदारांना जवळच्या दुसऱ्या केंद्रावर पाठवलं, धमक्या खोट्या निघाल्या. मतदान चालू राहिलं. हातातलं काम न सोडता रांगा वळवणाऱ्या त्या त्या केंद्रांवरच्या माणसांचं कौतुक जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

अनेक पाहण्यांत लढत चुरशीची दिसत होती. त्याला कारण होतं: २०२१ मध्ये चिटरेली मर्फींकडून अवघ्या तीन टक्क्यांच्या आसपास हरले होते आणि २०२४ मध्ये ट्रम्प यांनी राज्यातल्या पराभवाचं अंतर सहा टक्क्यांपर्यंत आणलं होतं. प्रत्यक्षात शेरिल सुमारे ५७ टक्के मतं घेऊन जिंकल्या, फरक सुमारे १४ टक्क्यांचा. एकूण मतं ३३ लाखांच्या आसपास. २०२४ ला ट्रम्प यांच्याकडे गेलेली पसेइक कौंटी या वेळी शेरिल यांच्याकडे वळली. एकाच पक्षाने सलग तिसऱ्यांदा गव्हर्नरपद जिंकणं १९६१ नंतर पहिल्यांदाच घडलं. निकालाची रात्र म्हणजे अंदाजांची रात्र असते. टपाली पाकिटं सहा दिवस येत राहतात, त्यानंतर प्रोव्हिजनल, मग कौंटी प्रमाणित करते आणि शेवटी राज्य. गव्हर्नरच्या लढतीत याने फरक पडला नाही, पण त्याच मतपत्रिकेवर असेंब्लीच्या (विधिमंडळाच्या खालच्या सभागृहाच्या) सगळ्या ८० जागा आणि गावच्या शिक्षण मंडळाच्या जागा होत्या. शिक्षण मंडळाची जागा काही डझन मतांनी इकडची तिकडे होते, आणि तिथे ही पाकिटंच निर्णय करतात.

शपथविधी २० जानेवारी २०२६ रोजी न्यूअर्कमध्ये झाला. शेरिल यांची काँग्रेसमधली जागा रिकामी झाल्यामुळे ११ व्या मतदारसंघात पुन्हा प्रायमरी, पुन्हा सह्या, पुन्हा तीच पाकिटं सुरू झाली. आणि एक बदल घरात वयात येणारी मुलं असलेल्यांसाठी: १ जानेवारी २०२६ पासून, नोव्हेंबरच्या मतदानाच्या दिवसापर्यंत १८ वर्षं पूर्ण होणाऱ्या १७ वर्षांच्या नागरिक मुलामुलींना त्या वर्षीच्या जूनच्या प्रायमरीत मत देता येतं. त्यांची नोंदणीही २१ दिवस आधीच हवी.